चिमट्याची परीक्षा

कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका डोंगरवाटेवर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी सायकलींची शर्यत लावली. वाट कच्ची, वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेली. लांबी साधारण साडेतीन किलोमीटर आणि उतार चारशे मीटरचा. सायकली १९३०-४०च्या दशकांतल्या, जाड टायरच्या, जुन्या बाजारातून उचललेल्या. त्यांचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा आणि पॅडल उलटं दाबलं की लागायचा. एकदा उतार संपेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून त्याचा धूर झालेला असे. मग हब उघडून नवं ग्रीस भरायचं आणि पुन्हा वर जायचं. या 'पुन्हा भरण्या'वरूनच वाटेचं नाव पडलं 'रीपॅक'.

माउंटन बाइकच्या इतिहासात ही शर्यत पहिल्या पानावर असते. मला तिच्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. स्वार एकत्र सुटत नसत. एकेक जण ठरावीक अंतराने सुटायचा आणि प्रत्येकाची वेळ घड्याळावर घेतली जायची. चार्ली केली या नोंदी सांभाळत असे. गॅरी फिशरची ४ मिनिटं २२ सेकंद ही तिथली सर्वांत कमी वेळ, आणि जो ब्रीझची ४ मिनिटं २४ सेकंद. दोघांत फरक दोन सेकंदांचा. हे दोन सेकंद माणसाचे होते की सायकलचे? डाउनहिल सायकलच्या प्रत्येक सुट्या भागाच्या परीक्षेत पुढची पन्नास वर्षं हाच प्रश्न येत राहिला. सर्वांत जास्त आला तो पुढच्या चिमट्याच्या बाबतीत.

चिमटा हा आपल्या सायकल दुकानातला शब्द. पुढचं चाक दोन्ही बाजूंनी पकडून हँडलला जोडणारा भाग तो चिमटा. त्यात स्प्रिंग आणि तेल आलं की तो सस्पेन्शन फोर्क होतो आणि गॅरेजमध्ये त्याला 'शॉकअप' म्हणतात. माझा त्याच्याशी संबंध मोटरसायकलीमुळे आला. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात मी बरीच वर्षं दुचाकींच्या फोर्कची चाचणी घेण्याचं काम केलं. फोर्क यंत्रात अडकवायचा, हजारो वेळा दाबायचा, आलेख काढायचा आणि शेवटी 'पास' किंवा 'नापास' असा शेरा मारायचा. सायकलच्या फोर्ककडे मी वळलो तो एका कुतूहलापोटी. आमच्याकडे जे मोजून संपतं, ते तिकडे मोजूनही का संपत नाही?

स्प्रिंग होती, मग कमी काय होतं?

रीपॅकवर धावलेल्या सायकली अमेरिकेच्या श्विन कंपनीच्या होत्या. १९३०च्या दशकाच्या शेवटी याच कंपनीच्या काही मॉडेलना स्प्रिंगवाला चिमटा मिळत असे. म्हणजे सस्पेन्शनची कल्पना नवी नव्हती. तरीही ब्रीझने १९७७ साली डोंगरासाठी म्हणून नवी सायकल बांधली, तेव्हा तिचा चिमटा साधा, कडक ठेवला. १९८१ साली आलेली, मोठ्या संख्येने विकली गेलेली स्पेशलाइज्डची 'स्टम्पजंपर'ही कडक चिमट्याचीच.

याचं कारण स्प्रिंगच्या स्वभावात आहे. दाबलेली स्प्रिंग साठवलेली ऊर्जा जवळपास सगळी परत करते. सावकाश जाणाऱ्या सायकलवर त्याचा सुखद झोका होतो. उतारावर वेगात असताना मात्र एका दगडावर दबलेलं चाक पुढच्या दगडाच्या आत उसळतं, जमीन सोडतं, आणि ज्या क्षणी वळायचं किंवा ब्रेक लावायचा त्याच क्षणी ते हवेत असतं. स्प्रिंगला आवरणारं काहीतरी लागतं. ते काम तेल करतं. बारीक छिद्रांतून आणि पातळ पत्र्याच्या चकत्यांमधून तेल ढकललं जातं, त्या विरोधात ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. यालाच डॅम्पिंग म्हणतात.

मोटरसायकलवाल्यांना हे केव्हाच कळलं होतं. १९३५ साली बीएमडब्ल्यूने आर१२ या मॉडेलला तेलाचं डॅम्पिंग असलेला टेलिस्कोपिक फोर्क दिला. एक नळी दुसरीत सरकते, आत स्प्रिंग आणि तेल. पुढे जगभरच्या मोटरसायकली याच वाटेने गेल्या. आपल्या रस्त्यांवरच्या बुलेट, राजदूत, येझदी यांच्या पुढच्या दोन नळ्या त्याच घराण्यातल्या. मग सायकलला अर्धं शतक थांबावं का लागलं?

एक कारण वजनाचं आणि दुसरं पायांचं. इंजिनाला दोन किलो जास्त ओढायचं काही वाटत नाही. सायकलस्वार मात्र तेच दोन किलो चढावर स्वतः ओढतो, आणि पॅडल मारताना चिमटा खालीवर होऊ लागला की आपली मेहनत त्यातच जिरते आहे असं त्याला वाटतं. उतार हा तेव्हा चढाचा मोबदला होता. नुसतं उतरण्यासाठी सायकल बांधावी, ही कल्पना अजून रुजायची होती.

ड्युरँगो, १९९०

पॉल टर्नर हा होंडाच्या मोटोक्रॉस संघात काम केलेला मेकॅनिक. १९८७ साली त्याने कीथ बाँट्रेगरच्या मदतीने पुढे-मागे सस्पेन्शन असलेली सायकल बांधून लाँग बीचच्या व्यापारी प्रदर्शनात मांडली. पुढे स्टीव्ह सायमन्सबरोबर त्याने रॉकशॉक्स ही कंपनी काढली. तिचा पहिला फोर्क आरएस-१. तो जेमतेम ४८ मिलिमीटर दबायचा. चिमटा पूर्ण सुटलेल्या अवस्थेपासून पूर्ण दबेपर्यंत जेवढा सरकतो त्याला 'ट्रॅव्हल' म्हणतात. आरएस-१मध्ये स्प्रिंगच्या जागी दाबलेली हवा होती आणि आवरायला तेल.

त्याच सुमारास कोलोरॅडोत डग ब्रॅडबरी 'मॅनिटू' या नावाने दुसरा मार्ग शोधत होता. त्याच्या फोर्कमध्ये इलास्टोमर, म्हणजे रबरासारख्या पदार्थाचे ठोकळे एकावर एक रचलेले असत. तेल नाही, सील नाहीत, गळती नाही. ठोकळा स्वतःच थोडी ऊर्जा जिरवतो, म्हणून वेगळं डॅम्पिंगही नको. अडचण तापमानाची. थंडीत ठोकळे ताठ व्हायचे आणि उन्हात मऊ पडायचे. सकाळी घेतलेली परीक्षा दुपारी लागू पडत नसे.

सप्टेंबर १९९०मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. पुरुषांची डाउनहिल शर्यत ग्रेग हर्बोल्डने जिंकली आणि त्याच्या सायकलला रॉकशॉक्सचा फोर्क होता. महिलांची शर्यत कॅनडाच्या सिंडी डिव्हाइनने जिंकली. सस्पेन्शनच्या इतिहासात हर्बोल्डचा विजय निर्णायक मानला जातो. त्यानंतर काही वर्षांतच उताराच्या शर्यतीत कडक चिमटा दिसेनासा झाला.

चाचणीच्या टेबलावर बसणारा माणूस म्हणून मी या विजयाकडे थोडं थांबून पाहतो. एक माणूस, एक फोर्क, एक उतार. त्याच दिवशी तोच हर्बोल्ड कडक चिमट्यावर किती वेळात उतरला असता, हे कुणी मोजलं नाही, मोजणं शक्यही नव्हतं. घड्याळ निकाल सांगतं, कारण सांगत नाही. २०१५ साली ऑस्ट्रियातल्या लिओगांगच्या विश्वचषक शर्यतीत अ‍ॅरन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली. तो एकही पॅडल न मारता खाली आला आणि शर्यत जिंकला. विजय हाच पुरावा मानायचा तर डाउनहिल सायकलला चेन नको, असा निष्कर्ष काढावा लागेल. तो कुणी काढला नाही, कारण चेनचा उपयोग सगळ्यांना आधीपासून माहीत होता. फोर्कच्या बाबतीत तसं आधीचं ज्ञान नव्हतं, म्हणून विजयालाच पुराव्याचं वजन आलं.

निष्कर्ष बरोबर होता, यात शंका नाही. पण पुरावा लहान असला की बाजार त्यातून स्वतःला हवं ते शिकतो. बाजार शिकला ते असं: फोर्क असला की सायकल जिंकते, आणि फोर्क जितका जास्त दबेल तितका चांगला.

आकड्यांची चढाओढ

पुढची पंधरा वर्षं मिलिमीटरची होती. आरएस-१चे ४८. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ८०च्या आसपास. १९९७ साली इटलीतल्या मार्झोकी या मोटरसायकल फोर्क बनवणाऱ्या जुन्या कंपनीने 'बॉम्बर झेड-१' आणला. केशरी रंग, शंभर मिलिमीटर ट्रॅव्हल आणि मोटरसायकलसारखं नळीत मोकळं खेळणारं तेल. १९९८ला रॉकशॉक्सचा 'बॉक्सर' आला, दीडशे मिलिमीटरचा. त्याच्या नळ्या हँडलच्या वरपर्यंत जायच्या आणि वर-खाली दोन ठिकाणी आवळलेल्या असायच्या, अगदी मोटरसायकलसारख्या. मग मार्झोकीचा '८८८' आणि २००५मध्ये फॉक्स कंपनीचा '४०'. या शेवटच्याचं नाव त्याच्या आतल्या नळीच्या व्यासावरून पडलं, ४० मिलिमीटर. ट्रॅव्हल २०३ मिलिमीटर, म्हणजे आठ इंच.

या काळात ग्राहक फोर्कची परीक्षा कशी घ्यायचा? दुकानात उभं राहून, पुढचा ब्रेक दाबून, हँडलवर अंगाचा भार टाकून. चिमटा लोण्यासारखा खाली गेला की फोर्क उत्तम. आपल्याकडे मोटरसायकल घेतानाही लोक हेच करतात. ही परीक्षा पूर्ण खोटी नाही. नळ्या एकमेकींवर घासून अडखळतात का, सील फार घट्ट आहेत का, हे हाताला लगेच कळतं. पण दुकानातला दाब सावकाश असतो. डोंगरावर दगडाची उभी कड चाकाला लागते तेव्हा चिमटा सेकंदाला काही मीटर या वेगाने दबतो. दुकानात लोण्यासारखा वाटलेला फोर्क तिथे तळाला आपटू शकतो. शर्यतीसाठी नीट बसवलेला फोर्क उलट दुकानात सुस्त आणि कडक वाटतो. नव्वदच्या दशकातले किती फोर्क निव्वळ दुकानातल्या फरशीवर पास व्हावेत म्हणून मऊ ठेवले गेले असतील, याचा मी अनेकदा विचार करतो.

याच काळात एक वेगळा घाट मागे पडला. अमेरिकेचा मोटरसायकल शर्यतपटू मर्ट लॉविल आणि ऑस्ट्रियातून अमेरिकेत आलेला होर्स्ट लाइटनर यांनी सांध्यांवर हलणारे फोर्क बनवले होते. नळी नळीत सरकण्याऐवजी दांड्या खिळीभोवती फिरायच्या. नळ्यांचं घर्षण नसल्याने असा फोर्क लहान खड्ड्यांनाही चटकन दाद देतो आणि ब्रेक लावल्यावर नाक खुपसत नाही. पण सांधे झिजतात, खुळखुळतात, आणि ट्रॅव्हल वाढवायला गेलं की सगळी रचना अवजड होते. चढाओढ मिलिमीटरची असल्यावर टेलिस्कोपिक फोर्क जिंकणारच होता. घर्षणाची चढाओढ असती तर निकाल इतका एकतर्फी लागला नसता, असं मला वाटतं.

आणि मग आकडा थांबला. २००५च्या सुमारास डाउनहिल फोर्क दोनशे मिलिमीटरच्या घरात पोचले आणि आजही तिथेच आहेत. याहून जास्त ट्रॅव्हल दिलं तर सायकलचं तोंड उंचावतं, ब्रेक लावल्यावर ती जास्त वाकते, वळणावर तिचा कोन सतत बदलत राहतो. डब्यावर लिहिता येईल असा सोपा आकडा संपला. आता दोन फोर्कमधला फरक सांगायचा तर नळीच्या आतलं काही सांगावं लागणार होतं.

आलेखाचं राज्य

माझा धंदा इथे सुरू होतो. फोर्कचा डॅम्पर डायनो नावाच्या यंत्रात लावतात. यंत्र तो ठरलेल्या गतींनी दाबतं आणि सोडतं, आणि किती गतीला किती विरोध होतो याचा आलेख निघतो. आडव्या अक्षावर गती आणि उभ्यावर बल. सायकलवाले 'लो स्पीड' आणि 'हाय स्पीड' असे शब्द वापरतात तेव्हा तो सायकलचा वेग नसतो, चिमटा दबण्याची गती असते. ताशी साठ किलोमीटरने जाणारा स्वार वळणात झुकतो किंवा ब्रेक दाबतो, तेव्हा चिमटा सावकाश दबतो. ती लो स्पीड. ताशी पंधराने जाताना चाक दगडाच्या कडेवर आदळलं की ती हाय स्पीड. चांगल्या फोर्कने सावकाश दाबाला नेटाने विरोध करावा म्हणजे सायकल वळणात कोसळत नाही. अचानक धक्क्याला त्याने वाट द्यावी म्हणजे तो मनगटात येत नाही. दोन्ही मागण्या एकाच तेलाकडून पुऱ्या करून घ्यायच्या असतात.

युरोपात हे काम नव्वदच्या दशकातच गंभीरपणे सुरू झालं होतं. फ्रान्सच्या सून संघाकडे ओलिव्हिए बोसार हा स्वतःचा सस्पेन्शन अभियंता होता. त्या संघात निकोला वुयोझ होता. १९९५ ते २००२ या काळात त्याने डाउनहिलची सात जागतिक विजेतेपदं मिळवली. उताराचा अभ्यास आणि सायकलची बारीक जुळवाजुळव यांसाठी तो ओळखला जाई. पुढे त्याने मोटर रॅलीतही नाव काढलं आणि सायकली घडवण्याच्या कामात चाचणी-स्वार म्हणूनही काम केलं. त्याच संघातून आलेल्या आन-कॅरोलिन शोसाँने नऊ जागतिक विजेतेपदं जिंकली. वुयोझपेक्षा दोन जास्त. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आलेखाच्या राज्याचं टोक म्हणजे होंडाची आरएन०१. २००४ ते २००७ या काळात होंडाने विश्वचषकात स्वतःचा संघ उतरवला. गिअर सायकलच्या पोटात, झाकलेल्या पेटीत, आणि फोर्क शोवा या मोटरसायकल सस्पेन्शनच्या जपानी कंपनीचा. २००५ साली ग्रेग मिनारने या सायकलवर विश्वचषक मालिका जिंकली. २००७नंतर होंडाने संघ बंद केला. सायकल बाजारात कधी आलीच नाही. तिच्या फोर्कची जगातली कदाचित सर्वांत काटेकोर परीक्षा झाली असेल, पण त्या परीक्षेचा एकही कागद बाहेरच्यांना दिसला नाही. बाहेरच्यांच्या हाती उरलं ते पुन्हा घड्याळच.

आता चिमट्याला आणि मागच्या शॉकला सेन्सर लावून प्रत्येक क्षणाची हालचाल नोंदवता येते. संघ ते करतात आणि हौशी स्वारही करू लागले आहेत. मला याचं अप्रूप आहे. पण डायनोवर जगलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. यंत्रात फोर्क एकटा असतो. मोटरसायकलच्या बाबतीत ते बरंचसं चालून जातं, कारण दीडशे किलोच्या गाडीवर बसलेला माणूस एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतका असतो. डाउनहिल सायकल सोळा-सतरा किलोची आणि स्वार सत्तर-पंचाहत्तर किलोचा. चिमट्यावर येणाऱ्या वजनाचा चार-पंचमांशाहून मोठा भाग म्हणजे माणूस. आणि हे वजन गोणीसारखं नसतं. ते कोपर वाकवतं, ढुंगण मागे नेतं, खडक दिसला की आखडतं, घाबरलं की हँडल गच्च धरतं. दोनशे मिलिमीटरचा फोर्क पुढे असला, तरी त्याच्या मागे हातापायांचं त्याहून मोठं सस्पेन्शन काम करत असतं. आमचा आलेख ते दाखवत नाही.

हात काय सांगतात

स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमच्या उतारावर विश्वचषकाच्या शर्यती अनेक वर्षं होत आल्या आहेत. चांगल्या स्वारालाही तो उतरायला चार मिनिटांहून जास्त लागतात. तिथे स्वारांची तक्रार असते ती पोटऱ्यांची नसून हातांची. कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू दगडासारखे होतात, बोटं ब्रेकवरून निसटतात. अशा वेळी दोन फोर्कमध्ये पहिल्या मिनिटाला काहीच फरक न दिसता चौथ्या मिनिटाला दिसू शकतो, कारण एकाने हात शिल्लक ठेवलेले असतात.

हातांवर येणारी कंपनं मोजण्याचं शास्त्र खेळासाठी जन्मलं नाही. ते ड्रिल मशीन, ग्राइंडर, रस्ता फोडणारे ब्रेकर चालवणाऱ्या कामगारांसाठी आहे. आयएसओ ५३४९ हे त्याचं मानक. युरोपीय संघाच्या २००२च्या निर्देशात दिवसभराच्या कामासाठी सेकंद वर्गाला पाच मीटर अशी मर्यादा आहे. डोंगरउतारावर सायकलच्या हँडलवरची कंपनं मोजलेल्या अभ्यासांत ती ओलांडली गेल्याचं दिसलं आहे. माझ्या दृष्टीने फोर्कच्या परीक्षेचा हा सर्वांत प्रामाणिक मापदंड आहे, कारण तो फोर्कला विचारत नाही. हातापर्यंत काय पोचलं, ते विचारतो.

तरी परीक्षा घ्यायची तर स्वार लागतोच, आणि स्वार हे सर्वांत अवघड उपकरण. त्याला उतार पाठ होत जातो. पहिल्या फेरीपेक्षा तिसरी जलद होते, फोर्क कुठलाही असो. म्हणून आधी एक फोर्क आणि मग दुसरा असं तपासलं की दुसरा उगाच चांगला ठरतो. आणि दहाव्या फेरीला स्वार दमलेला असतो, तेव्हा तोच फोर्क वाईट ठरतो. उपाय जुना आहे. आधी पहिला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. शेवटच्या फेरीत पहिल्याचा कौल बदलला तर मधला निकाल रद्द. टायरमधली हवा प्रत्येक फेरीआधी मोजायची, कारण टायर दोन-तीन पीएसआयने उतरला तर फोर्कच्या खुंट्या कितीही फिरवा, त्याचा परिणाम झाकला जातो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि शक्य असेल तिथे काय बदललं ते स्वाराला सांगायचं नाही. मेकॅनिकने खुंटी फिरवल्यासारखं करून काहीच न फिरवणं, ही या धंद्यातली सभ्य फसवणूक आहे. त्या फेरीनंतर स्वार जे बोलतो त्यावरून त्याचा बाकीचा कौल किती गंभीरपणे घ्यायचा ते ठरतं.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे एक रबरी रिंग. ती आतल्या नळीवर सरकवून ठेवायची. स्वार नुसता सायकलवर उभा राहिला की ती किती सरकते ते पाहायचं. याला 'सॅग' म्हणतात आणि तो ट्रॅव्हलच्या पाव भागाच्या आसपास असावा लागतो. फेरीनंतर ती कुठे पोचली त्यावरून चिमटा किती वापरला गेला ते कळतं. रिंगने दोनशेपैकी दीडशेच दाखवले तर स्वार उरलेल्या पन्नासचं वजन नुसतं वाहून आणतो आहे.

कुणासाठी चांगला?

रिंग वारंवार दीडशेवर थांबते ती बहुधा हलक्या स्वारांच्या सायकलवर. मला या इतिहासात सर्वांत जास्त खटकतं ते इथे. हवेच्या स्प्रिंगचा दाब पंपाने कमी करता येतो, म्हणून वजनाप्रमाणे स्प्रिंग जुळते. डॅम्पर इतका लवचीक नसतो. त्यातल्या चकत्यांची रचना कारखान्यात ठरते, कुठल्या तरी सरासरी वजनाचा स्वार गृहीत धरून. बाहेरच्या खुंट्या त्या रचनेच्या आजूबाजूलाच फिरतात. पंचावन्न किलोच्या स्वाराने हवा कमी केली की स्प्रिंगचा परत ढकलण्याचा जोरही कमी होतो. मग रिबाउंडची खुंटी पूर्ण मोकळी केली तरी चिमटा वेळेत वर येत नाही. लागोपाठ आलेल्या खडकांवर तो थोडा थोडा करत खालीच बसत जातो. अशा स्वाराला फोर्क कडक वाटतो आणि तो अजून हवा काढतो. दोष त्याच्या कौशल्यात आहे असं त्याला सांगितलं जातं.

युरोपच्या वाहन नियमांत दुचाकीस्वाराचं वजन पंचाहत्तर किलो धरलेलं असतं. आमच्या खात्यात आम्ही या आकड्यावर नेहमी हसायचो. आपल्या रस्त्यावर त्याच शॉकअपवर नवरा, बायको, दोन मुलं आणि कधी गॅसचा सिलिंडर असतो, आणि कधी एकटा पन्नास किलोचा डिलिव्हरीवाला. निदान भारतीय मोटरसायकलचा शॉकअप घडवताना ही ओझी कुणीतरी डोळ्यांसमोर ठेवतं. सायकलचा डाउनहिल फोर्क महाग, थोड्यांचा, आणि त्याचे परीक्षक एकमेकांसारखे. नियतकालिकांतली परीक्षणं वाचताना स्वाराचं वजन लिहिलेलं आहे का, हे मी आधी शोधतो. बऱ्याचदा ते असतं, आणि सत्तर ते पंच्याऐंशीच्या मध्ये कुठेतरी असतं.

शोसाँकडे परत येतो ते यासाठी. डाउनहिलची नऊ जागतिक विजेतेपदं मिळवणारी ही बाई २००८ साली बीजिंगला बीएमएक्समध्ये ऑलिंपिक सुवर्णपदकही जिंकली. ड्युरँगोच्या पहिल्या दिवशी सिंडी डिव्हाइनही तोच उतार उतरून जगज्जेती झाली होती. तरी फोर्कचा इतिहास सांगताना दाखला दिला जातो तो हर्बोल्डच्या चिमट्याचा. शर्यतीच्या पातळीवर संघातला मेकॅनिक नळी उघडून स्वाराप्रमाणे चकत्या बदलतो, त्यामुळे शोसाँसारखीला तिचा फोर्क मिळत असणार. दुकानातून घेणाऱ्या हलक्या मुलीला तो मिळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक पोरांनाही मिळत नाही. सह्याद्रीच्या धारांवर आणि पुण्याच्या टेकड्यांवर उतरणाऱ्या मुलांमध्ये साठ किलोच्या आतले मला किती तरी दिसतात. त्यांच्या हाती येणारा फोर्क बऱ्याचदा सेकंडहँड असतो आणि त्याच्या आतल्या चकत्या दुसऱ्या कुणाच्या तरी अंगासाठी रचलेल्या असतात.

तो उपयोगी करता येतो. डॅम्पर उघडायचा, चकत्यांच्या थरातून एखाद-दुसरी कमी करायची, थोडं पातळ तेल भरायचं. मोटरसायकलचे फोर्क उघडणारा कुठलाही चांगला मिस्त्री हे तासाभरात शिकू शकतो, आणि आपल्या गावोगावी असे मिस्त्री आहेत. त्यासाठी नवा फोर्क लागत नाही. तो नेमका कुणाच्या अंगाखाली कमी पडतोय, ते आधी विचारावं लागतं.

ओळखीची मुलं सायकली घेऊन येतात तेव्हा मी एक साधा तक्ता वापरतो. त्यात उताराचं नाव, टायरची हवा, सॅग, रिंग कुठे थांबली, फेऱ्यांचा क्रम, हात कधी भरून आले, असे रकाने आहेत. फोर्कची कंपनी आणि मॉडेल शेवटच्या ओळीत आहे. पहिल्या ओळीत स्वाराचं वजन, आणि ते तोंडी विचारून लिहायचं नाही, काट्यावर उभं करून लिहायचं.